नोकरीच्या सल्ल्याची सदरं आणि बेळगावची नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपच्या टाइम ऑफिसात मी अठरा वर्षं काढली. हजेरी, पीएफचे फॉर्म, गेटवर आलेल्या पोरांचे अर्ज घेणं, त्यांना बाकड्यावर बसवणं, ही माझी कामं. चव्वेचाळिसाव्या वर्षी ती नोकरी गेली आणि दुसऱ्यांच्या गेटवरच्या तसल्याच बाकड्यावर मी स्वतः जाऊन बसलो. आता दर रविवारी आमच्या गल्लीच्या वाचनालयात पोरं-पोरी कागद घेऊन येतात. त्यांच्या फोनवर वाचकांच्या पत्रांना उत्तरं देणारी नोकरीच्या सल्ल्याची सदरं असतात, काही मराठी, काही इंग्रजी. त्यावरून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत.

ही सदरं वाचून नोकरी कशी मिळते ते कळतं का?

नोकरी कशी टिकवावी, साहेबाशी कसं बोलावं, राजीनामा कसा द्यावा, हे बऱ्यापैकी कळतं. नोकरी मिळते कशी, ते फारसं कळत नाही. सदर लिहिणारा माणूस बहुधा आत बसलेला असतो. आलेल्या शंभर अर्जांतले ऐंशी कसे चुकीचे होते एवढं त्याला दिसतं, म्हणून तो अर्ज सुधारायला सांगतो. बाहेर उभ्या असलेल्याचा प्रश्न त्याच्या आधीचा असतो: आत जागा आहे की नाही?

आमच्या गेटवर 'जागा नाहीत' अशी पाटी वर्षभर लटकत होती. त्याच वर्षी दर महिन्याला दोन-तीन पोरं कामाला लागत होती. पाटी मीच लावली होती.

म्हणजे सदरातली पत्रं खोटी असतात?

बहुतेक खरीच असतात, पण निवडलेली. विचारण्यासारखा प्रश्न ज्याच्याकडे आहे तोच पत्र लिहितो. 'दोन ऑफर आल्यात, कुठली घेऊ', 'साहेब माझं श्रेय लाटतो', 'जुन्या कंपनीने परत बोलावलंय'. यातल्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी आहे. ज्याने साठ ठिकाणी अर्ज टाकले आणि कुठूनच काही आलं नाही, त्याने काय विचारायचं? त्याच्या गोष्टीत ना भांडण, ना साहेब. छापणाऱ्यालाही वाचकाला धरून ठेवणारं पत्र हवं असतं. त्यामुळे महिनोन्‌महिने वाचत गेलं की जगात सगळ्यांकडे नोकरी आहे आणि फक्त साहेब वाईट आहेत, असं वाटायला लागतं.

आणखी एक. या सदरांतलं 'कामाचं ठिकाण' बहुतेक वेळा खुर्ची-टेबलाचं असतं. निपाणीत घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजार बिड्यांवर ठरते. पानं खराब निघाली, बिड्या नापास झाल्या, तर कुणाशी आणि कसं बोलायचं, याचं उत्तर मी आजवर एकाही सदरात वाचलेलं नाही.

अमेरिकेतल्या सदरांचा सल्ला आपल्याकडे चालतो का?

सावधपणे घ्या. तिथला कायदाच वेगळा. मोंटाना हे एक राज्य सोडलं तर तिकडे मालक कारण न देता माणसाला काढू शकतो, फक्त भेदभावासारखं बेकायदा कारण असता कामा नये. माणूसही तसाच सोडून जाऊ शकतो. दोन आठवड्यांची नोटीस हा तिथला शिष्टाचार आहे. आपल्याकडे नोटीस नेमणूकपत्रात लिहिलेली असते: कुठे एक महिना, पुण्या-बंगळूरच्या आयटीत सर्रास ९० दिवस. तिकडचं वाचून पंधरा दिवसांत बाहेर पडलेल्या एका पोराचं रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, अडकलं आणि नव्या कंपनीने त्याच कागदावर बोट ठेवलं. सल्ला चुकीचा नव्हता, देश चुकला होता.

आणि उद्यमबागेत नेमकं उलटं. चार वाजता मुलाखत झाली की विचारतात, 'उद्यापासून येतोस काय?'

'ओळखीशिवाय नोकरी नाही' हे खरं आहे का? सदरं तर 'नेटवर्किंग करा' म्हणतात.

आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव पडलंय, आणि पोरं त्यातच फसतात. ओळख, शिफारस आणि वशिला. वशिला म्हणजे वरून फोन येतो, माणूस लायक असो-नसो घ्यावा लागतो. तो कारखान्यात मालकालाही नको असतो, कारण यंत्र वशिला मानत नाही. ओळख आणि शिफारस मात्र रोज चालते.

ती कशी चालते ते सांगतो. फौंड्रीत फेटलिंगचा, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करणारा, एक माणूस गावी गेला तो परत आला नाही. सुपरवायझर जाहिरात देत नाही. जेवणाच्या सुट्टीत कंग्राळीच्या, येळ्ळूरच्या, उचगावच्या पोरांना विचारतो, 'तुमच्यात कोण मोकळा हाय काय?' सोमवारी एक पोरगा येतो. तो आला नाही, काम टाकून पळाला, तर त्याला आणणाऱ्याला बोलणी बसतात. म्हणजे आणणारा जामीन असतो, कागदावर सही नसलेला. मालकाला चार पैशांचं कौशल्य कमी चालतं, पण दांडी चालत नाही. म्हणून एका शिफ्टला एकाच गावची सहा-सात पोरं दिसतात, एकाच टमटममधून उतरणारी. याचा तोटा मालकाला गावच्या जत्रेदिवशी कळतो. अख्खी ओळ रिकामी.

मग ज्याच्या गावचं कुणीच आत नाही, त्याने काय करायचं? सदरातला 'नेटवर्किंग'चा सल्ला इथे कामाला येतो, फक्त तो आपल्या भाषेत आणावा लागतो. अनोळखी मॅनेजरला लांबलचक संदेश पाठवून काही होत नाही. तुमच्या आयटीआयच्या बॅचचे फिटर-टर्नर आज कुठे आहेत त्याची यादी करा. ज्या इन्स्ट्रक्टरने शिकवलं त्याला जाऊन भेटा, कारण कंपन्या त्याला फोन करून माणसं मागतात. टूलिंग आणि सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर उभा असणारा माणूस दिवसाला दहा कारखान्यांशी बोलतो. कुठे नवीन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन) बसली आणि ऑपरेटर मिळेना, हे त्याला सगळ्यांत आधी कळतं. हा माणूस कुठल्याच सदरात नसतो.

रेझ्युमे एका पानाचा, फोटो नको, जन्मतारीख नको असं सांगतात. इथे?

पुण्यातल्या किंवा बंगळूरच्या मोठ्या कंपनीत ऑनलाइन अर्ज करत असाल तर तसंच करा. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या कारखान्यांत कागद हातात देणार असाल तर फोटो असू दे, कोण कुठला हे लक्षात राहायला त्याचा उपयोग होतो. मात्र लग्नाचा बायोडेटाच थोडा बदलून नोकरीला लावू नका. 'श्री गणेशाय नमः'पासून मामाच्या गावापर्यंत सगळं लिहिलेले कागद मी घेतलेत. त्यात पोरगा टर्नर आहे की मशीनिस्ट, तेवढं शोधावं लागायचं.

टाइम ऑफिसात कागद अर्धा मिनिट हातात राहतो. त्यात डोळा जातो तो एवढ्यावर: ट्रेड आणि पास झाल्याचं वर्ष, कुठली मशीन चालवलीय आणि तिच्यावर कंट्रोल कुठला होता, फॅनुक की सीमेन्स, ड्रॉइंग वाचता येतं का, मायक्रोमीटर-बोअर गेज वापरता येतं का, राहायला कुठे, येणार कसा, आणि चालू असलेला फोन नंबर. शेवटचं हसण्यासारखं वाटेल. निवडलेल्या पोराचा फोन बंद म्हणून पुढच्याला बोलावलं, असं मी स्वतः कितीदा केलंय.

सीमाभागातल्यांनी अर्जात आणखी काय सांभाळायचं?

हे सदरात सापडणार नाही, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे दहावीला एसएसएलसी आणि बारावीला पीयूसी म्हणतात. चाकणच्या एचआरला पीयूसी म्हणजे काय ते ठाऊक असेलच असं नाही. 'पीयूसी द्वितीय वर्ष, बारावीशी समकक्ष' असं सरळ लिहा. एसएसएलसीचे गुण ६२५ पैकी असतात, म्हणून टक्केवारी काढून लिहा. ५०० पैकी समजून एका पोराच्या अर्जात १०४ टक्के निघाले होते.

गावाचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी बेळगावी झालं. जुन्या टीसीवर बेळगाव, आधारवर बेळगावी, पोराच्या तोंडात बेळगाव. अर्जात आधारवर आहे तसं लिहा. मनात काय ठेवायचं ते ठेवा. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग मार्क्स कार्डवर एक, पॅनवर दुसरं आणि पीएफमध्ये तिसरं असणं हा त्याहून मोठा घोळ आहे. नोकरी लागायच्या आधी तो सुधारून घ्या, कारण पीएफचे पैसे काढताना तोच आडवा येतो.

आणि १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या सुट्टीदिवशी, मुलाखतीला या असा निरोप आला, तर कंपनी बाहेरगावची समजायची.

मराठी माध्यमातून शिकलो. कन्नड वाचता येत नाही, इंग्रजी तुटकं. माझं काय होणार?

कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर मराठी, कन्नड आणि हिंदीची खिचडी चालते. ड्रॉइंग आणि रिपोर्ट मात्र इंग्रजीत. तिथे व्याकरण कुणी तपासत नाही, 'रिजेक्शन', 'रिवर्क', 'टॉलरन्स' हे शब्द नीट लिहिता आले पाहिजेत. सदरातल्या मुलाखती इंग्रजीत होतात आणि तासभर चालतात. इथली बहुधा दहा मिनिटांची असते. त्यातली पाच मिनिटं मशीनसमोर.

कन्नडचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यात भावना मिसळलेल्या असतात, हे मला कळतं. मीही याच मातीतला आहे. पण हिशेब सांगतो. राज्य सरकारच्या बऱ्याच भरतींत कन्नडची पात्रता परीक्षा असते. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने खाजगी उद्योगांतही स्थानिकांना व्यवस्थापनाच्या जागांत ५० टक्के आणि बाकीच्या जागांत ७० टक्के आरक्षण देणारं विधेयक मंजूर केलं होतं. त्यात 'स्थानिक' कोण, तर राज्यात जन्मलेला, १५ वर्षं राहिलेला आणि कन्नड बोलता-वाचता-लिहिता येणारा. उद्योगांनी आरडाओरडा केला आणि दोन-चार दिवसांत ते थांबवलं गेलं. पुन्हा येईल न येईल, आपल्या हातात अक्षरओळख तरी आहे. बँकेत, दवाखान्यात, मार्केटिंगच्या नोकरीत कन्नड बोलणारा मराठी माणूस दोन माणसांचं काम करतो. त्याचे पैसे मागता येतात.

महाराष्ट्रातल्या सरकारी नोकरीला सीमाभागातून अर्ज करता येतो का?

महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना येतो. १५ वर्षं तिथे राहिल्याचा दाखला लागतो. प्रत्येक जाहिरातीत याचं वेगळं कलम असतं, ते शोधून वाचा. दाखल्याला वेळ लागतो, त्यामुळे जाहिरात येण्याची वाट बघत बसू नका.

पगाराची घासाघीस करावी म्हणतात. गेटवर उभा असलेल्याने कशी करायची?

पहिल्या नोकरीला फारशी होत नाही, उगाच आशा लावत नाही. पण काय सांगितलं आणि हातात काय पडणार हे विचारता येतं, आणि विचारलंच पाहिजे. एक गणित करून दाखवतो.

समजा एकूण पगार महिना १६,००० आहे, त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १२,०००. पीएफ १२ टक्क्यांनी १,४४० तुमच्याकडून कापला जातो, तेवढाच मालक भरतो. पगार २१,००० पर्यंत असल्यामुळे ईएसआय (कामगार विमा) लागू: तुमचे ०.७५ टक्के म्हणजे १२०, मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ५२०. आता सीटीसी, म्हणजे मालकाला तुमच्यावर येणारा एकूण खर्च, म्हणून तुम्हाला सांगतील १७,९६०. हातात येतील १४,४४०. फरक ३,५२० रुपयांचा, आणि यात कुणी फसवलेलं नाही. पीएफ तुमचाच आहे आणि ईएसआयवर घरच्यांचंही औषधपाणी होतं. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा कापतात आणि भरत नाहीत. म्हणून पीएफचा यूएएन नंबर मिळाल्यावर दोन-तीन महिन्यांत पासबुक उघडून बघा.

घासाघीस करायची जागा दुसरीकडे आहे. ओव्हरटाइम कसा मोजणार, कंपनीची बस कुठपर्यंत येते, जेवण किती कापणार, परमनंट किती दिवसांनी. खानापूरहून रोज येणाऱ्याला बसचं उत्तर पगारवाढीपेक्षा मोठं असतं.

'संधी असेल तिथे जा' म्हणतात. जावं का?

सदरात स्थलांतर म्हणजे सामान ट्रकमध्ये घालून दुसऱ्या शहरात जाणं. आपल्याकडे माणूस डबा घेऊन रोज राज्य ओलांडतो. बेळगावातून वेंगुर्ला रोडने गेलं की शिनोळीची वसाहत, ती चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. निपाणीच्या पोराला कागलची पंचतारांकित एमआयडीसी वीसएक किलोमीटर, बेळगाव त्याच्या कितीतरी लांब. गोव्यात औषधाच्या कंपन्या आहेत, पण चोर्ला घाटातून पावसाळ्यात दर शनिवारी येणं-जाणं किती दिवस झेपेल ते आधी ठरवा.

पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तिथे पाच हजार जास्त मिळतात म्हणून निघालेल्याने खोलीचं भाडं, डिपॉझिट, मेस आणि महिन्यातून एक घरची फेरी कागदावर मांडावी. बऱ्याचदा पाच हजार तिथेच संपतात. तरीही जा असं मी काहींना सांगतो. दोन वर्षं चांगल्या मशीनवर काम केलेला पोरगा परत येतो तेव्हा त्याला बाकड्यावर कुणी बसवत नाही.

मुलाखत चांगली झाली, 'कळवतो' म्हणाले, मग काहीच नाही. माझं काय चुकलं?

बहुतेक काहीच नाही. सदरं याचं कारण तुमच्यात शोधायला लावतात: नजरेला नजर दिली नसेल, आभाराचा मेल पाठवला नसेल. मी अठरा वर्षं 'कळवतो' म्हणत होतो, त्याचा अर्थ मला माहीत आहे. कधी ऑर्डर पुढे गेली म्हणून जागाच रद्द झालेली असायची. कधी जुना माणूस परत आलेला असायचा. कधी दोघांना घेऊ असं ठरलेलं, मालकाने एकावर फुली मारली. हे फोन करून सांगायला कुणी मनाई केली नव्हती. मी केले नाहीत. नाही म्हणायला लाज वाटायची, एवढंच.

मग माझी पाळी आली. एका कारखान्यात तीनदा बोलावलं, तिसऱ्यांदा चहाही दिला. कळवतो म्हणाले. आठवडाभर फोन उशाशी घेऊन झोपलो. बायको म्हणाली, 'तुम्हीच विचारा की ओ.' विचारायला बारा दिवस लावले. पलीकडून माझ्यासारखाच एक जण होता. 'आं... कळवतो.' मी त्याच्यावर चिडलो नाही, आवाज ओळखीचा होता.

तुम्ही एवढं करा: आठ दिवसांनी एक फोन. सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास, शिफ्ट बदलताना नको, पगाराच्या दिवशी नको. 'जागा भरली का?' असं विचारा, 'माझं काय झालं?' असं नको. पहिल्या प्रश्नाला हो किंवा नाही उत्तर देणं सोपं जातं. दोनदा टोलवाटोलवी झाली की ते नाव यादीतून काढा. वाट बघत दुसरे अर्ज थांबवणं ही मी केलेली सगळ्यांत महाग चूक.

आभाराचा मेल पाठवायचा का?

मोठ्या कंपनीत पाठवा. बाकी ठिकाणी ज्याने तुमचं नाव पुढे घातलं त्याला फोन करून आभार माना. ते जास्त लांब जातं.

मुलाखतीत 'लग्न ठरलंय का?' विचारतात. असे प्रश्न विचारायचे नसतात ना?

विचारायचे नसतात, आणि सर्रास विचारतात. शाळा, हॉस्पिटल, गारमेंट, कुठेही. सदरातलं 'याचा कामाशी संबंध नाही' हे उत्तर बरोबर आहे, पण ज्या पोरीला नोकरी हवी आहे तिला ते तोंडावर म्हणणं जड जातं. आमच्या वाचनालयात येणाऱ्या एका मुलीने शोधलेलं उत्तर मला आवडतं: 'मी कामाला येणार, वर्षभर तरी सोडणार नाही. तुमची शिफ्ट किती वाजता सुटते आणि बस कुठपर्यंत आहे?' प्रश्न तिने परत त्यांच्या दारात ठेवला. रात्री सोडायची सोय नाही असं उत्तर आलं, तर तिला कंपनीबद्दल कळायचं ते कळलं.

बाँड, मूळ मार्क्स कार्ड, रजिस्ट्रेशन फी. देऊ का?

फी देऊ नका. 'नोकरी पक्की, आधी युनिफॉर्मचे दोन हजार भरा' म्हणणारा नोकरी देणारा नसतो. मूळ मार्क्स कार्ड दाखवा, ठेवून घेऊ देऊ नका. झेरॉक्स द्या. बाँडवर सही करायच्या आधी मध्येच सोडलं तर किती भरायचे तो आकडा शोधा. आखातात पाठवणारा एजंट असेल तर तो सरकारकडे नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर बघा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. लाख-दीड लाख मागणाऱ्याकडे पावती मागून बघा, तो विषय बदलतो.

मग सदरं वाचू की नको?

वाचा. राजीनाम्याचं पत्र कसं लिहावं, अनुभवाचा दाखला कसा मागावा, साहेबाने खोटं लिहायला सांगितलं तर काय बोलावं, हे मी त्यांतूनच शिकलो आणि इथल्या पोरांना तेच सांगतो. फक्त नोकरी किती दिवसांत लागते याचा अंदाज त्यांवरून बांधू नका. मला चौदा महिने लागले.

माझा प्रश्न इथे नाही. कुठे विचारू?

रविवारी सकाळी दहा ते बारा वाचनालयात या. पैसे नाहीत, चहा आहे. ऑफर लेटर आणायचं असेल तर सगळी पानं आणा. पोरं पहिल्या पानाचा फोटो दाखवतात, त्यावर नाव आणि पगार असतो. मला शेवटचं पान बघायचं असतं.